बेव्हर्ली पार्क ते डोंगरी, तीन शर्टांत

लोक युरोपला जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. माझी नणंद स्वित्झर्लंडला गेली, तर तिने नुसत्या चीजच्या कारखान्यावर इतकं लिहिलं, की आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर दुसऱ्या कुणाला तोंड उघडता आलं नाही. मी गेले मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातून डोंगरीला. महापालिका तीच. तरी माझा प्रवास तिच्याहून खडतर झाला, हे मी कुणाशीही भांडून सिद्ध करायला तयार आहे. आणि तो खडतर झाला तो शर्टापायी.

आधीच सांगते, डोंगरी म्हटलं की आमच्या दादरच्या नातेवाइकांना मुंबईतली डोंगरी आठवते आणि ते काळजीत पडतात. ती नव्हे हो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना लागते ती ही. चर्च, विहिरी, भाजीचे मळे, आणि वारा फिरला की सुकत्या बोंबलांचा वास. तिथे माझी मैत्रीण फिलोमिना राहते. आम्ही दोघी एकाच बँकेत शेजारशेजारच्या खिडक्यांमागे वर्षानुवर्षं बसलो. नोकरी सुटल्यावर मी कॅमेरा घेतला आणि पक्ष्यांच्या मागे लागले. तिने कोंबड्या पाळल्या. तिच्या पक्ष्यांची निदान अंडी तरी मिळतात, असं माझा नवरा सुहास येता-जाता ऐकवतो.

तर फिलोमिनाचा फोन आला. "मंजू, आयचा फोटो काढून देशील? चांगला. मोठा करता येईल असा."

"वाढदिवस का गं?"

"नाय गं. सिमेटरीसाठी."

म्हटलं, आय गेली आणि मला कळवलंसुद्धा नाही! तेवढ्यात फोनमध्ये मागून आयचाच आवाज आला, "तिला सांग, बुधवारी ये. गुरवारी मना बाजारात जायाचा हाय."

आय म्हणजे फिलोमिनाची आई, नातालीन. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून अख्ख्या गावाला जेवायला हाक मारेल असा. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लवकर ऑपरेशन करा, कावीळ झाली तर या वयात अवघड जाईल. आयने मनात पक्कं धरलं होतं, की एकदा दवाखान्यात गेलं की आडवंच परत यायचं. त्यामुळे तिची अट एकच: आधी थडग्यावर लावायचा फोटो, तो मना पसंत पडायला पायजे, मग काय कापायचं ते कापा.

हट्टाला कारणही होतं. आयच्या नवऱ्याच्या थडग्यावरचा फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून काढलेला आहे. चेहरा छान आलाय, पण खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलाय. नुसता हात, मनगटावर घड्याळ. दर नोव्हेंबरात मेणबत्त्या लावायला घरचे सगळे जमतात आणि तो हात कुणाचा, यावर तिथेच वाद घालतात. "मना मेल्यावर अंगावर कोनाचा हात नको," असं आयने जाहीर केलं होतं. आधी आलेल्या दोन फोटोग्राफरांना तिने हाकलून दिलं होतं. एकजण म्हणाला, "आजी, स्माईल." दुसऱ्याने तिची हनुवटी बोटाने वर उचलली होती. तो अजून त्या गल्लीतून जात नाही म्हणतात.

मला हसू आलं, पण नंतर वाटलं, किती शहाणी माणसं! आमच्याकडे हा विषय काढला तर "शुभ बोल" म्हणून अंगावर येतात. मग माणूस गेलं की रात्री धावपळ, आणि शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्याला चंदनाचा हार. माझे सासरे आमच्या हॉलमध्ये भिंतीवर अजून तसेच बघतात, चोरी पकडल्यासारखे. स्वतःचा फोटो स्वतः पसंत करून जाणं यात अशुभ ते काय?

मीरा रोड

आता शर्ट. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाला कसा शर्ट लागतो ते मी सांगते, कारण दुकानदार सांगत नाहीत. कॉलर हवी, नाहीतर कॅमेऱ्याचा पट्टा मानेला सोलून काढतो. बाह्या लांब हव्यात, खाडीकाठचे डास आखूड बाह्यांची वाटच बघत असतात. बटणं धातूची नकोत, कॅमेऱ्याचा पडदा ओरखडतो. कापड सळसळणारं नको. रंग मातकट, शेवाळी, करडा, काहीही. पण पांढरा कधीही नाही. पांढरा शर्ट म्हणजे लांबूनच पाखरांना "मी आले रे" म्हणून ओरडणं. हे मी आमच्या पक्षी ग्रुपवर इतक्यांदा सांगितलंय, की लोक मला बघून पांढरे कपडे बदलून येतात. आणि खिसे हवेत. बंद होणारे खिसे. मागच्याच महिन्यात लेन्सचं झाकण माझ्या बिनखिशाच्या कुर्त्यातून सुटून खाडीच्या चिखलात गडप झालं होतं.

म्हणून डोंगरीच्या आधी नवा शर्ट घ्यायचा ठरला. आमच्या इकडच्या एका मोठ्या दुकानात गेलो. सेल्समन म्हणाला, "लेडीज में पॉकेट नहीं आता, मॅडम."

"क्यूँ नहीं आता?"

"लेडीज को पर्स होता है ना."

"और दोनों हाथ में कॅमेरा है, तो पर्स कौन पकडेगा?"

त्याने अगदी मनापासून विचार केला. "मिस्टर नहीं है साथ में?"

मिस्टर होते. एसीच्या खाली स्टूल पकडून बसले होते आणि त्या पोराकडे सहानुभूतीने बघत होते. मी तरातरा पुरुषांच्या विभागात गेले. तिथे खिशांचं नुसतं रान माजलं होतं! छातीवर खिसे, पोटावर खिसे, बाहीवर पेनाचा खिसा, खिशाच्या पोटात खिसा. ज्या जातीला कधी स्वतःची किल्ली सापडली नाही, तिला एवढे खिसे कशाला, हे मी मोठ्याने बोलले. एक शेवाळी शर्ट घेतला. खिशांना वेल्क्रो होतं. खांद्यात मी दोनदा मावले असते, पण म्हटलं चालेल.

नवघर

शर्टाची परीक्षा घ्यायला दुसऱ्या सकाळी नवघरच्या पलीकडे खाडीच्या बाजूला गेले. जुन्या गावातली बैठी घरं, त्यांच्या डोक्यावर वाकून बघणारे टॉवर, आणि ते संपले की एकदम तिवरं. तिथे एका खुंटावर खंड्या बसला होता. निळा काय निळा! तोंडात मासा, पाठीवर कोवळं ऊन. मी श्वास रोखला. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं, नवं खिशात होतं. मी हळूच, अगदी हळूच खिसा उघडला.

चर्रर्रर्र!

वेल्क्रोचा आवाज घरात ऐकलाय का? घरात तो काहीच नसतो. तिवरांच्या शांततेत तो आभाळ फाटल्यासारखा येतो. खंड्या गेला, बगळे गेले, पाण्यातले मासेसुद्धा गेले असावेत. मागे एक गुजराती काका मॉर्निंग वॉकला आले होते. त्यांनी सभ्यपणे तोंड दुसरीकडे फिरवलं आणि म्हणाले, "बेन, जरा देख लो. पीछे से कुछ फटा."

"काका, पॉकेट है!"

"हां हां," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घर पास में है ना?"

घरी आले ती धुमसतच. सुहासने मात्र परस्पर ऑनलाइन एक शर्ट मागवून ठेवला होता. उन्हापासून बचाव, घाम लगेच सुकतो, खिशांना बिनआवाजाच्या चेन. फोटोत करडा होता. पार्सल फोडलं तर आतून झेंडूच्या ढिगासारखा भगभगीत नारिंगी निघाला. "परत करू," सुहास म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी म्हटलं, असू दे. पाखरांचा प्रश्न वेगळा. माणूस काही शर्टाचा रंग बघून उडून जात नाही.

हे वाक्य मी बोलले. सुहास साक्षीला आहे, आणि तो ते विसरू देत नाही.

डोंगरीच्या वाटेवर

भाईंदर पश्चिमेहून बस घेतली. कंडक्टर आला आणि मला कळलं, की खिसे जास्त असले की सुट्टे पैसे कुठल्या खिशात ठेवले ते आठवत नाही. मी एक चेन उघडली, बॅटरी निघाली. दुसरी उघडली, रुमाल. तिसऱ्यात खोकल्याच्या गोळ्या. शेजारच्या बाई सांगू लागल्या, "ताई, तो बघा, बगलेखाली आणखी एक आहे." पुढच्या सीटवरची मंडळी वळून बसली. कंडक्टर म्हणाला, "बाई, आरामात. मी मुर्ध्याच्या स्टॉपपर्यंत थांबतो." शेवटी पैसे पँटच्या खिशात सापडले आणि बसमध्ये चक्क कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

खिडकीबाहेर मिठागरं होती. आखीवरेखीव वाफे, मिठाचे ढीग, कडेला लांब पायांचे शेकाटे पाण्यात आपलीच सावली टोचत उभे. राई, मुर्धा, मोर्वा मागे पडली, झाडं दाट झाली, रस्त्याच्या वळणांवर क्रूस दिसू लागले. बेव्हर्ली पार्कात माणूस लिफ्टमध्ये शेजाऱ्याला हिंदीत "चौथा माला" म्हणतो आणि संबंध संपतो. डोंगरीत उतरल्यावर फिलोमिनाच्या घरापर्यंत मला चार बायकांनी "कोनाकडं?" विचारलं, आणि चौघींनाही मी येणार हे आधीच माहीत होतं. "नातालीनचा फोटो काढनारी हीच ती," असं एकीने दुसरीला सांगितलं. दुसरी माझ्या शर्टाकडे बघत राहिली.

डोंगरी

आधी जेवण. तांदळाच्या हातभाकऱ्या, चिंचेचं आंबट कालवण, तळलेले बोंबील, आणि सणाला करतात ते मैद्याचे, तळून गोल फुगवलेले फुगे आयने मुद्दाम करायला लावले होते. फिलोमिनाच्या घरचा बाटलीत ठासून भरलेला लाल मसाला जिभेवर हळू चढतो आणि मग उतरतच नाही. फिलोमिनाचा नवरा आग्नेल एवढा अंगाने, की दारात उभा राहिला की घरात संध्याकाळ होते. पण बोलायला गरीब. "बाई, घ्या ना, लाजू नका," इतकंच तो अधूनमधून म्हणत होता. आय मात्र फुग्याला हात लावत नव्हती. तेलकट बंद होतं.

जेवण झाल्यावर ती आत गेली आणि बाहेर आली ती लाल चौकड्यांचं लुगडं नेसून. कानांत जाड सोनं, केस चापून बसवलेले. फिलोमिना माझ्या कानाशी म्हणाली, "हे लुगडं तिने त्या दिवसासाठी ठेवलंय." पक्ष्यांचा फोटो बिघडला तर दुसरा पक्षी येतो. इथे तसं नव्हतं.

आयला ओटीवर सावलीत बसवलं. मी समोर अंगणात, उन्हात, अगदी जवळ, बुटक्या पाटावर. ती डोळे रोखून कॅमेऱ्याकडे बघत होती. मी स्माईल म्हटलं नाही, हनुवटीला हात लावला नाही. भराभर फोटो काढले.

"दाखव," आय म्हणाली.

मी कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला, आणि त्याच क्षणी माझंही लक्ष गेलं. उन्हातल्या माझ्या शर्टाचा सगळा भगभगाट सावलीतल्या तिच्या चेहऱ्यावर सांडला होता. गाल पिवळे, गळा पिवळा, डोळ्यांचं पांढरंसुद्धा पिवळं. हळदीला बसवल्यासारखी!

आयने पडदा निरखून पाहिला. मग शांतपणे म्हणाली, "फिलो, आली बग कावीळ."

"आय, नाय गं, तो फोटो..."

"डोक्टर बोलला व्हता ना? कावीळ झाली तं संपला. कॅमेऱ्याला दिसला, तुमाला कोनाला दिसला न्हाय." ती भिंतीला धरून उठली. "ऑपरेशन न्हाय करायचा. फादरला बोलवा. मना घरातच जाऊं द्या."

मी म्हटलं, "आय, माझ्या शर्टाचा रंग पडलाय. घरी कॉम्प्युटरवर नीट करून देते."

"म्हंजी खोटा फोटो?"

फिलोमिना खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना. आयला हो म्हणायला लावण्यासाठी तिने महिने घातले होते, आणि मी झेंडू होऊन आले आणि सगळं विस्कटून टाकलं. खरं सांगते, त्या क्षणी मला तो शर्ट फाडून टाकावासा वाटला. खाली दुसरं काही नव्हतं म्हणून वाचला.

आवाज ऐकून आग्नेल मागच्या दारातून बनियनवर धावत आला. "काय झाला? आयला काय झाला?" म्हणत तो अंगणात उन्हात तिच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. आणि आयचा उजवा गाल लख्ख उजळला! डावा पिवळा, उजवा एकदम स्वच्छ, एकेक सुरकुती मायेने काढल्यासारखी दिसायला लागली.

"आग्नेल, हलू नकोस!" मी ओरडले. तो जागच्या जागी खिळला. "हेच! तुझं बनियन! पांढरं! याहून मोठं पांढरं काय आहे घरात?"

बिचाऱ्याने भीतभीत विचार केला. "चादर हाय... ती निळी हाय. मंग रविवारचा शर्ट."

"आण."

"बाई, तो चर्चात मिस्साला घालायचा हाय. इस्तरी केलाय."

"आग्नेल!" फिलोमिना अशी कडाडली, की शेजारची कोंबडी उडाली. शर्ट आला.

मी आत जाऊन तो घातला. आता बघा, मी तशी काही किरकोळ बाई नाही. पण त्या शर्टात माझ्यासकट आमची अख्खी सोसायटी मावली असती. खांदे कोपरांवर, बाह्या गुडघ्यांपाशी लोंबत, कॉलरमधून माझं डोकं कासवासारखं बाहेर. तशीच पाय आवरत अंगणात आले. पाखरांचा विचार करत होते, डोंगरीतली सगळी पाखरं मला बघून एव्हाना वसईला पोचली असतील. आग्नेल कळवळून म्हणाला, "बाई, खाली घासू नका."

आयने माझ्याकडे पाहिलं. एकदा पाहिलं. मग तिने तोंडाला पदर लावला. मग पदर सुटला, आणि ती जी हसायला लागली! "अगो... अगो फिलो, बग गो... फादरच आला की! बोलावला पन न्हाय आनि आला!" खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी, पुढचे दोन दात नाहीत ते सगळं उघडं. मी पाटावर धपकन बसले, बाह्या मागे फेकल्या आणि कॅमेरा डोळ्याला लावला. पांढऱ्या शर्टावरचं ऊन तिच्या चेहऱ्यावर सांडत होतं. माझं बोट थांबलं नाही.

फोटो तिच्यापुढे धरताना मला वाटलं, आता ही म्हणेल, थडग्यावर कुणी दात काढून हसतं का?

आयने पडदा अगदी नाकाजवळ नेला. स्वतःचे डोळे तपासले, एक मग दुसरा. गाल तपासले. "पिवळी न्हाय," ती म्हणाली.

"नाय गं आय, कुठे पिवळी," फिलोमिना म्हणाली.

"बरी दिसतंय मी." आणखी थोडा वेळ बघून ती म्हणाली, "सिमेटरीत ऊन, पाऊस. येवढा चांगला फोटो तिथं खराब व्हनार. ह्यो हॉलमदी लावायचा. टीवीच्या वर."

"आणि तिकडे?" फिलोमिनाने घाबरत घाबरत विचारलं.

"तिकडं काय घाय हाय?" आय खेकसली. "कवातरी दुसरा काढू. ही हाय ना मीरा रोडला, मरते का काय?"

मी लांब बाहीने डोळे पुसले. आग्नेलने बघून न बघितल्यासारखं केलं. आय लुगड्याचा काठ झटकत आत निघाली. ते नीट घडी करून परत पेटीत ठेवायचं होतं. उंबऱ्यावर थांबून तिने मागे पाहिलं.

"फिलो, डोक्टरला फोन लाव. इचार, ऑपरेशनच्या दिवशी एकदम उपाशी येयाचा, का कोरा चा घेतला तं चालंल?"

फिलोमिनाने फोन हातात घेतला आणि दोनदा भलताच नंबर दाबला. मग आग्नेलने लावला.